घरच्या भाषेतलं भ्या

मंगळवार, संध्याकाळ. खानापूर

बाळ झोपलंय तोवर लिहिते. आज आक्का मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. बेळगावच्या खासगी डॉक्टरांची फी दोनदाच झेपली. इथे नुसती चिठ्ठी काढून मनातलं बोलता येतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

समुपदेशक बाई कन्नड. मीही सरकारी कचेरीत बोलतात तसं कन्नडातच सुरू केलं. झोप येत नाही, भूक लागत नाही. सगळं खरं, पण ते नव्हे. बाई म्हणाल्या, "घरात मराठी बोलता न्हवं? तसंच बोला. मला कळतंय."

मग तोंडातून निघालंच. "बाळाला उचलायचं भ्या वाटतंय. हातातनं पडंल असं वाटतंय."

भ्या. हा शब्द मी आक्कालासुद्धा सांगितला नव्हता. वेडी ठरवतील का मला?

बाई शांतपणे म्हणाल्या, "बाळंतपणानंतर लई जणींना असं होतंय. बोलत राहू, कमी होईल."

लई जणींना. म्हणजे मी एकटी नाही.

आमचे हे मच्छे गावातल्या कारखान्यातून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चहा गार झाला. मग म्हणाले, "पुढच्या मंगळवारी मी रजा काढतो. तू आत बोल, मी बाळाला घेऊन बाहेर बसतो."