दरीवरची फेरी

७ नोव्हेंबर

चि. छोटूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. खरेदी खात्यात साहेब झालेल्या आणि टक्कल पडलेल्या माणसाला छोटू म्हणू नये असं तुझी बायको म्हणते, पण मला दुसरं काही सुचत नाही. दाताच्या दवाखान्यात, घडवायला घेतलेली एक कवळी अर्धी टाकून हे पत्र लिहिते आहे. डॉक्टर बाहेर गेलेत तोवर उरकते.

काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजत चाललेत. यावर औषध नाही, चष्मा बदलूनही उपयोग नाही. कडेचं थोडंफार दिसत राहील, पण समोरचं जाणार, आणि उन्हाळा येईपर्यंत बरंचसं गेलेलं असेल.  जिना उतरताना आई मध्येच थांबली आणि म्हणाली की नजर जायच्या आत एकदा ती दरी वरून बघायची आहे.

तुला तिची स्टुडिओतली नोकरी आठवत असेल. काडीला कापूस गुंडाळून ती काळ्यापांढऱ्या फोटोंना रंग भरायची. त्यात सगळ्यात जास्त खपायचं ते दरीचं कार्ड, कुणीतरी विमानातून काढलेल्या फोटोचं. मालक सांगायचे, नदी निळी कर, कडे तांबडे कर. मालक स्वतः दरीकडे कधी फिरकलेही नव्हते. आईने निमूटपणे वर्षानुवर्षं ती नदी निळी केली. आता म्हणते, ती खरंच निळी आहे का एवढं बघू दे, नाहीतर जन्मभर लोकांना थापा विकल्या असं वाटत राहील. मला हसू आलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दरी तुमच्याकडून जवळ आहे आणि तिथे विमानाच्या फेऱ्या असतात असं ऐकते. तेवढं ठरव आणि कळव, आम्ही दोघी येतो. लोभ आहेच. तो वाढवला नाहीस तरी चालेल, घाई मात्र वाढव.

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आईची ही इच्छा मी पुरी करणार म्हणजे करणार. तू आता त्यातून अंग काढून घे आणि सगळं माझ्यावर सोड.

कामाला लागलोही आहे. तीन ठिकाणची कोटेशनं मागवल्याशिवाय मी घरात पंखा आणत नाही, मग आईला हवेत असंच कसं सोडू? दरीवर फेऱ्या मारणाऱ्या कंपन्या बऱ्याच निघाल्या. सगळ्यांची माहितीपत्रकं मागवली आहेत. हेलिकॉप्टर खाली जातं, पण आवाजाने आईचं डोकं उठेल. काही विमानांचे पंख खिडकीच्या खाली असतात, म्हणजे दरी बघायला गेलो तर पंखच बघून परत यायचं. वर पंख असलेलं विमान चांगलं, पण त्याच्या पंखाला आधाराचा तिरका दांडा असतो आणि तो नेमका नजरेच्या आड येतो. हे सगळं कुणी सांगत नाही, खोदून खोदून विचारावं लागतं. त्यातून सकाळी एका कड्यावर सावली असते आणि दुपारी दुसऱ्या. डिसेंबरात धुकं असतं असंही एकाने सांगितलं.

आईला म्हणावं, धीर धर, तुझा मुलगा अव्वल नंबरचं विमान शोधतोय. तुझा राग माझ्या लक्षात आला. तो कमी असू दे, माया आहे तेवढीच राहू दे.

तुझा,
छोटू


२२ डिसेंबर

चि. छोटूस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर कान धरून एक विनंती. विमान म्हणजे तुमच्या कारखान्यातलं बेअरिंग नव्हे. खिडकी लहान असली, दांडा आडवा आला, सावली पडली, तरी आईला चालणार आहे. पोस्टमन दिसला की ती विचारते, छोटूचं काही आलं का. काय उत्तर देऊ, की पंख वर असावा की खाली यावर विचार चालू आहे?

तिची मान हल्ली तिरकी असते. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघते, कारण सरळ बघितलं तर माझा चेहरा पुसला जातो. परवा चहा ओतताना कप सोडून बशीत ओतला, आणि मी फडकं आणायच्या आत स्वतःच्या पदराने पुसून टाकला. मला दिसलं नाही असं तिला वाटावं म्हणून मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. समोरच्या बाईंनी तिला मटार सोलायला बोलावलं होतं. न बघता जमतं म्हणून हौसेने गेली आणि लगेच परत आली. 

मीच तिला घेऊन निघते म्हटलं, तर ऐकत नाही. म्हणते, छोटू एवढा जीव टाकून शोधतोय, त्याचा हिरमोड कशाला करायचा. तू लहान असताना बूट घ्यायला गेलास की दुकानं बंद व्हायची वेळ यायची आणि शेवटी आपण रिकाम्या हाताने परतायचो. तेव्हा ती थकायची, पण रागवायची नाही. अजूनही रागवत नाही. तिच्या वाटचं मी रागावते आहे.

डोळे मिटून कुठल्याही एका कंपनीवर बोट ठेव. यापुढे सविस्तर पत्र नको, फक्त तारीख हवी.

ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी ओरडू नकोस, पत्र शेवटपर्यंत वाच.

या महिनाअखेरच्या फेरीत जागा धरल्या होत्या. तुला अचानक तार करून चकित करणार होतो. पण मागच्या आठवड्यात एक नवी कंपनी कळली. ते विमानाच्या खिडक्या मोठ्या करून घेताहेत, अगदी गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत. बसल्या जागेवरून तळापर्यंत दरी दिसते. शिवाय विमानात बसण्याआधी ते सगळ्यांना वजनकाट्यावर उभं करतात आणि वजन बघून कुणी कुठे बसायचं ते ठरवतात. आई हलकी, म्हणून तिला वैमानिकाच्या मागची, खिडकीकडची जागा देतो असं त्यांनी लेखी दिलं आहे. दुसरं कुणी असं लिहून देत नाही. तेव्हा आधीच्या जागा सोडल्या.

फेऱ्या मार्चअखेर सुरू होतील. आकाश एप्रिलात सगळ्यात स्वच्छ असतं असं हवामान कचेरीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, म्हणून एप्रिल नक्की केला. ताई, आयुष्यात एकदाच जायचं, तर डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे. मिळेल त्या विमानात कोंबून आणलं असतं, तर तूच मला नावं ठेवली असतीस.

तुझ्या भावजयीने आईसाठी मऊ लोकरीची शाल घेतली आहे. तीसुद्धा दुकानात दुपार घालवून. राग सोड, आणि सोडता येत नसेल तर येताना बरोबर घेऊन ये, इथे बघू.

तुझा,
छोटू


१२ मार्च

चि. छोटूस,

आशीर्वाद. पत्र शेवटपर्यंत वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, कारण आता तिला वाचता येत नाही. खिडकी गुडघ्यापासून डोक्यापर्यंत आहे हे ऐकून ती म्हणाली, वा, छान. आणि परत भिंतीकडे तोंड करून बसली.

आता ती मला पावलांवरून ओळखते. दारात उजेड आहे की अंधार एवढं सांगते. माझी साडी कुठल्या रंगाची आहे ते विचारते आणि मी सांगितलं की मान हलवते. काल मी सरळच म्हटलं की आपण हे रद्द करू, उगीच दगदग.  ती म्हणाली, मला नाही दिसलं तर तुम्ही बघा आणि मला सांगा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. मला स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं.

तुला हे टोचावं म्हणूनच लिहिते आहे. तू मनाने वाईट नाहीस, हेच फार वाईट आहे. वाईट असतास तर तुला सोडून तिला घेऊन कधीच निघाले असते. रजा मिळाली आहे, आम्ही दोघी येतो.

ताई


२३ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुम्ही सुखरूप पोचलात, जिवात जीव आला. मी अजून हवेतच आहे.

काय दिवस होता! आकाशात एक ढग नाही. तू मागच्या रांगेत होतीस, तुला कदाचित आईचा चेहरा दिसला नसेल. विमान वळलं आणि दरी उघडली तेव्हा तिने दोन्ही हातांनी काच धरली. मी सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यात घेतलं आहे. ताई, तिला दिसत होतं. तू फार काळजी करतेस म्हणून तुला वाटतं की दिसत नाही. तिने मला नदीचा रंग विचारला तो खात्री करून घ्यायला. मी सांगितलं, निळा, अगदी तुझ्या कार्डातला. केवढी शांत झाली! 

ऑफिसात कॅसेट लावली तर जेवणाची सुट्टी संपली तरी कुणी उठेना. आमचे मोठे साहेब म्हणाले, आईसाठी एवढं करणारा मुलगा विरळा. मलाच अवघडल्यासारखं झालं. एक कॅसेट तुमच्यासाठी पाठवतो आहे, आणि कड्याचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून. चौकट निवडायला थोडे दिवस लागतील.

उशीर झाला म्हणून तू रागावलीस, पण शेवटी सगळं मनासारखं झालं ना? आता तरी हसून एक पत्र लिही. तेवढं मिळालं की बाकी काही मागणार नाही.

तुझा,
छोटू


४ मे

छोटू,

हसून पत्र लिहायला सांगतोस. तिने काच धरली ती विमान कललं म्हणून, पडू नये म्हणून. तुझं तिच्याकडे लक्षच कुठे होतं? एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला आणि दुसरा मिटलेला. नदीकडे तरी बघितलंस का तू? न बघता निळा म्हणालास. तिला एवढी एकच गोष्ट हवी होती आणि तीसुद्धा तू उरकून टाकलीस.

घरी आल्यापासून ती फार बोलत नाही. शाल पांघरून बसते. भर उन्हाळ्यात शाल. कॅसेट आली आहे. समोरच्या बाईंना बघायची होती म्हणून त्यांच्याकडे दिली. फोटो पाठवू नकोस, भिंतीवर खिळा नाही.

तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही. गेला असता तर मला बरं झालं असतं.

ताई


९ मे

चि. छोटूस,

आईचे अनेक आशीर्वाद. हे मी सांगते आहे आणि तुझी ताई लिहून घेते आहे. मी सांगेन तसंच लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, अशी तिला शपथ घातली आहे.

शाल उबदार आहे, सुनेला सांग. खिडकी मोठी होती ती हाताला कळली. ऊन तोंडावर आलं, खाली सगळं करड्या पाण्यासारखं हललं, त्यापुढे मला काही दिसलं नाही. त्याचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. डोळे माझे गेले, त्यात तुझा दोष नाही. उशीर झाला तो तुझ्या स्वभावाने झाला, आणि तो स्वभाव माझ्याच हाताखाली वाढला.

तुला रंग विचारला. मी वाक्य पुरं करायच्या आत तू निळा म्हणालास. उतरल्यावर पायऱ्यांशी ताईला विचारलं. तीही निळा म्हणाली, तुझ्यापेक्षा जोरात. इथे तिचा हात थांबला आहे. मी म्हटलं, लिही.

मग मी वैमानिकाला विचारलं. त्याने माझा हात धरून मला खाली उतरवलं होतं.  त्याने आधी नीट आठवून बघितलं. म्हणाला, चहात दूध जास्त झालं की होतो तसा, आणि कडे राखाडी, संध्याकाळी थोडे तांबूस. निळी नदी त्याने तिथे कधीच पाहिली नव्हती. तो माझा कुणी लागत नाही, म्हणून खरं बोलला. मी त्याला आशीर्वाद दिला.

म्हणजे माझी सगळी कार्डं खोटी होती. हे ऐकायलाच मी एवढ्या लांब आले होते, आणि ऐकून मला काही झालं नाही. मालकाने सांगितलं म्हणून मी न बघता निळा लावत राहिले, तेव्हा माझं पोट त्यावर होतं. तुम्हा दोघांचं कशावर होतं?

विमान तू निवडलंस, महिना तू निवडलास, कुठल्या बाजूला बसायचं तेही तूच निवडलंस. तुला आवडतं म्हणून मी सगळं चालवून घेतलं. नदीचा रंग मात्र तुम्ही दोघांनी माझ्यासाठी निवडायला नको होता.

ताई रडते आहे, म्हणून इथेच थांबते. तिला मला वेगळं पत्र लिहिता येत नाही, तिने यातलंच आपल्या वाट्याचं घ्यावं. आता मला सगळं तुमच्या तोंडूनच बघायचं आहे, आणि तुम्ही काय सांगाल ते मला कळून चुकलं आहे.

तुमची,
आई