त्यांच्या नावानं येणारा निरोप

ताई, तुला धाकटीचा नमस्कार.

मी ओले कपडे झटकत होते, चहा उकळत होता आणि हे लॅपटॉपपाशी बसून फोनवर कुणाला तरी समजावत होते, "काम असं करून द्यायचं, की आपल्यावाचून कुणाचं अडू नये." ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. बाकी मी बरी आहे. जेवते, वाचते. तुझे गुडघे कसे आहेत?

यांनी ज्या कंपनीला सॉफ्टवेअर करून दिलं, तिथे रोज सकाळी सगळ्यांना आपोआप निरोप जातो: "सगळं सुरळीत आहे. अडलं तर मला विचारा." खाली अजून यांचंच नाव. हे गेल्यावर तेवढं बदलायचं राहून गेलं. तिथल्या मॅनेजरबाईंनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "राहू द्या, मलाही पाठवत जा." तो आला की आतल्या खोलीत कुणी खाकरल्यासारखं वाटतं.

परवा बाईंचा फोन आला.

"वहिनी, नवी मुलगी साहेबांना प्रश्न पाठवून उत्तराची वाट बघत बसली हो. तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मग काम?"

"अडलं ना! रडकुंडीला आली बिचारी."



दुसऱ्या दिवशी मी बाईंना यांचं नाव काढून स्वतःचं घालायला सांगितलं, आणि मला निरोप पाठवणं बंद करा म्हटलं.

तुझीच,
धाकटी