न फुटणारा कॅमेरा

अप्पा, माझी तक्रार रंगाबद्दल आहे. ज्या कॅमेऱ्याला पाणी, धूळ, थंडी आणि उंचावरून पडणं यांपैकी कशाचंही भय नाही, तो केशरी रंगाचाच का बनवावा, याचं उत्तर मला कुठल्याही शास्त्रात सापडलेलं नाही. नंदुरबारच्या दुकानात तो काचेच्या कपाटात ठेवलाय. दुरून पाहिला तर बुडणाऱ्या माणसाकडे फेकायची एखादी वस्तू वाटतो. पन्नाशीला टेकलेल्या संस्कृतच्या मास्तराने तो गळ्यात अडकवून शहाद्याच्या बसस्थानकावर उभं राहायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं पोहायला शिकवा म्हणणार. काळा नाही का, असं मी दुकानदाराला विचारलं. याच्या आजोबांकडून तुम्ही रोल घ्यायचे. तो म्हणाला, "सरजी, काळा पडला तर शोधत बसाल. हा नदीत पडला तरी वरून दिसतो." मी कशाला नदीत पाडेन, असं ओठावर आलं होतं.

जुन्या कॅमेऱ्याचं काय झालं म्हणून त्याने विचारलं, तर सांगितलं की मिरचीच्या पथारीवर फोटो काढायला गेलो होतो, वाळत्या मिरचीचा भुगा लेन्समध्ये गेला, आता ती ना आत जाते ना बाहेर येते. त्याला पटलं. नंदुरबारात मिरचीवर कशाचाही आळ घ्या, पटतो. शाळेतही मी हेच सांगितलंय. खरं काय ते तुम्हाला सांगतो, पण जरा दमानं.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. शहाद्यातला तुमचा फोटो स्टुडिओ आता झेरॉक्सचं दुकान आहे. पण तुमचं एक काम मी सोडलेलं नाही. माणूस गेला की दहाव्याच्या आत घरचे स्टुडिओत यायचे, हातात लग्नातला घोळक्याचा फोटो, "यातून आमचा म्हातारा काढून द्या." तुम्ही घोळक्यातून मुंडकी कापून कापून कंटाळलात आणि एक दिवस निळा पडदा आणि स्टूल घेऊन धडगावच्या बाजारात जाऊन बसलात. म्हातारी माणसं जिवंत असतानाच नीट बसवून काढायची. कशासाठी, हे कोणी उच्चारायचं नाही. ते डोकं विंचरून बसायचे, तुम्ही पडदा ताणायचे, दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं. मी सुट्यांमध्ये तेच करतो. जीपमध्ये अठरावा माणूस म्हणून घाटात कोंबून बसतो, वर जातो, चार-पाच चेहरे घेऊन खाली येतो. मोबाइलने का काढत नाही, असं सगळे विचारतात. मोबाइल पुढे धरला की म्हातारी माणसं त्यात कोणी बोलतंय का ते पाहतात. कॅमेऱ्यापुढे ती बसतात.

तर नवा घ्यायचाय, आणि दोन जाती आहेत. तुम्ही मला संस्कृत शिकायला पाठवून जो काही अपराध केलात त्याचं फळ म्हणून मी दोन्हींचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडून पाहिला. छोटा, खिशात मावणारा जो आहे, त्याची लेन्स पुढे येते. लांब उभं राहूनही चेहरा जवळ घेता येतो, म्हाताऱ्याच्या नाकाशी जाऊन उभं राहावं लागत नाही. कुडाच्या घरात दारातून येतो तेवढ्या उजेडातही सुरकुत्या सुरकुत्यांसारख्या दिसतात. पण लेन्स जिथून बाहेर येते तिथूनच धूळ आत जाते, आणि एकदा दगडावर पडला की त्याचं संपलं. दुसरा दणकट, केशरी. त्याची लेन्स पोटातच. घाटातला फुफाटा बसला तर नळाखाली धुवावा, पडला तर उचलून पुसावा. पण जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की माणसाचं नाक मोठं आणि कान बारीक येतात. उजेड कमी असला तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. म्हणजे एक चेहऱ्याची काळजी घेतो, दुसरा स्वतःची. तुम्ही असतात तर दोन्ही हातात घेऊन वजन पाहिलं असतं आणि म्हणाला असतात, "फोटो कोन काढस, कॅमेरा का मानूस?"

तिथेच अडतं. माझा उजवा हात हलतो, अप्पा. दिवाळीपासून. आधी फळ्यावरची शिरोरेघ वाकडी यायला लागली, मग अंगठा स्वतःशीच काहीतरी वळल्यासारखा फिरू लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं. आमच्यात त्याला कंपवात म्हणतात, ऐकायला जरा कुलीन वाटतं. घराण्यात कोणाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांना, थोडासा. थोडासा कशाला म्हणालो कोण जाणे. मग मी विचारलं, माझ्या मुलीला होईल का? ते म्हणाले, होतोच असं नाही, आणि होणारच नाही असंही सांगता येत नाही. न्यायशास्त्रात असल्या वाक्याला उत्तर मानत नाहीत. दवाखान्यात मानतात.

तुमचा तो दिवस मला पुन्हा पुन्हा दिसतो. मी पंचवीसचा, नुकता नोकरीला लागलेला. स्टुडिओच्या बाकावर वरच्या गावाहून आलेला एक माणूस बसलाय, त्याची आई गेलीय. तुम्ही बाजारात काढलेला तिचा एकुलता एक फोटो पाकिटातून बाहेर येतो आणि तो हललेला आहे. डोळे कुठे, तोंड कुठे, सगळं धुक्यात. त्या रोलमधले सगळेच तसे. तुम्ही फोटो खिडकीकडे धरून बघताय आणि तो कागदही हलतोय. मला लाज वाटली. दया यायला हवी होती, लाज वाटली. त्या माणसासमोर मी तुमच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि म्हणालो, "बस झालं अप्पा, आता मला द्या." तुम्ही मान वाकवलीत, पट्टा डोक्यावरून निघावा म्हणून. तो माणूस मात्र फोटो घेऊन उठला. मोडक्या बाजारी मराठीत म्हणाला, "राहू दे भाऊ. ती असीच होती. एका जागी बसेच नाही." त्या दिवशी आपल्या दोघांपेक्षा शहाणा बाकावरचा तिसराच निघाला.

गेल्या महिन्यात त्याच माणसाने निरोप पाठवला. आता तो स्वतः म्हातारा झालाय, खोकल्याने खंगलाय. त्याच्या घरी गेलो. भिंतीवर ती आई अजून आहे, अजून हललेली, वर कागदी फुलांचा हार. सोबत माझी मुलगी होती. ती औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मला एकट्याला जीपमधून जाऊ देत नाही. म्हाताऱ्याला दारात उजेडाला बसवलं. तो म्हणाला, "मास्तर, मना फोटो तुन्हा बापासारका नको काढू." आणि हसता हसता खोकत राहिला. मी तीन काढले. मुलीने मागून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, तिन्ही हललेले. हळूच म्हणाली, "द्या पप्पा, मी काढते." माझ्यासारखं ओढून घेतलं नाही तिने. हात पुढे करून थांबली. मी दिला. तिने एकच काढला, आणि तो इतका चांगला आला की म्हाताऱ्याने बराच वेळ पडदा सोडला नाही. मग तिने कॅमेरा मला परत दिला, मान म्हणून, आणि तो माझ्या हातातून निसटून उंबऱ्याच्या दगडावर पडला, लेन्स बाहेर असतानाच. मिरचीचा काही संबंध नाही. उतरताना जीपमध्ये ती म्हणाली, "भुगा गेला म्हणून सांगू आपण." म्हणजे खोटंही तिचंच आहे, मी फक्त वापरतो. आठ दिवसांनी म्हातारा गेला. तिने काढलेला फोटो आईच्या शेजारी लागलाय.

आता दुसरी गोष्ट. तुमचा हात हलायला लागल्यावर तुम्ही मला रोल भरायला लावायचे. भरला की म्हणायचे, "परत एकदा भर." एम.ए. झालेला मुलगा, आणि तुम्ही शेजारी स्टूलावर बसून एकटक बघत. एकदा चिडून विचारलं, काय चुकतंय ते तरी सांगा. तुम्ही म्हणालात, "काही नही. तुन्हा हात देखी ऱ्हायनू." मी म्हटलं, हात काय बघायचे, फोटो बघा. आणि मी सुटीला आलो की तुम्ही स्वतः चहा आणून द्यायचे, काठोकाठ भरलेला, बशीशिवाय. तुमच्याच हातून सांडत, वाटेत अर्धा ओटा भिजवून, माझ्यापर्यंत आणायचे आणि उरलेला किटलीतून पुन्हा काठापर्यंत भरायचे. मी समजायचो, आई गेल्यापासून बशा कुठे ठेवल्यात ते तुम्हाला ठाऊक नाही. मी कप उचलून तोंडाला लावेपर्यंत तुम्ही माझ्या हाताकडे बघत उभे असायचे, मग आत जायचे. बावीस वर्षं मी ते तुमच्या विसराळूपणाच्या खात्यात टाकलं होतं.

हे पत्र मी तीन दिवस लिहितोय आणि अक्षर असं आलंय की तुम्हाला वाटेल कोणी दुसऱ्यानेच लिहिलं. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, पण जुन्या निळ्या पडद्याच्या घडीत ठेवून देईन. वरच्या गावी यापुढे मुलगी जाणार आहे, तिचंच तसं म्हणणं आहे. कॅमेरा तिच्यासाठीच घ्यायचाय. "कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा पप्पा," म्हणते, "तुम्हाला त्यातलं कळतं." दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले. हात स्थिर असेल तर छोटाच घ्यावा, त्यात वादच नाही. केशरी तिच्या हाती दिला आणि तिने विचारलं, हा का, तर खरं कारण मला सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी मी तिच्यासाठी चहा केला. कप काठोकाठ भरला आणि उभा राहिलो. ती म्हणाली, "पप्पा, बशी कुठंय?" मी म्हटलं, सापडत नाही. तिने कप उचलला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, अप्पा. एक थेंब पडला. कप फारच भरला होता म्हणून पडला असेल. मला तेवढंच कोणीतरी सांगायला हवंय.