आमचा हात नाही

नगर, सोमवार, १२ जुलै १९९९

साहेबांनी आज यूसुफभाईंना घरी बसायला सांगितलं. सुप्याच्या आमच्या कारखान्यातले कॉम्प्युटर व्हायरसने बंद पडले, आणि ते सांभाळतात यूसुफभाई. बस, एवढाच पुरावा.

सीमेवर लढाई चालू आहे. पेपरात येतं, तिकडच्यांनी आपल्या वेबसाइटी बिघडवल्या, आपल्यांनी त्यांच्या. दोन्ही सरकारं म्हणतात, आमचा हात नाही. वॉचमन म्हणाला, "तिकडच्यांचंच काम हाय, म्याडम. इथं कुनीतरी फितूर हाय." मी मान हलवली. का हलवली?

यूसुफभाई डबा आवरताना हसले. "ताई, आपल्या कॉम्प्युटरला फोनची लाइनसुद्धा नाही, आणि म्हणे मी सीमेपलीकडून व्हायरस आणला! कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला असेल."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत माझी कथा छापायला मीच निळी फ्लॉपी घातली होती. टायपिंगवाल्याकडून आणलेली. तिच्यातूनच आला का? कदाचित नाही. इतरांच्याही फ्लॉप्या असतात. सिद्ध कोण करणार? केवढी सोय आहे ही! सकाळी बंबात टाकली की संपलं. मग मीही म्हणेन, आमचा हात नाही.

आत्ताच यूसुफभाईंच्या बायकोचा फोन आला. "ताई, साहेब तुमचं ऐकतात. यांनी काही केलं नाही, एवढं सांगाल ना?"

"सांगते," म्हटलं. निळी फ्लॉपी मांडीवरच होती. आता सांगायचं तर तिच्यासकटच सांगावं लागेल.