दोरीचं झाड

अहो,

जन्मभर या एका हाकेवर भागलं, मग पत्रात तरी दुसरं काय लिहू? ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तुम्ही तिथं बसून हसला असतात.

लिहायला बसले ती संदीपमुळे. उद्या तुमची तिथी म्हणून आपले चिरंजीव आजच शहरातल्या इंदिरानगरहून आलेत. जेवून हात पुसता पुसता म्हणाला, "आई, अण्णांची पिस्त्याची झाडं काढू का आता? सोमवारी डाळिंबाच्या खड्ड्यांसाठी मशीन येतंय, त्यातच उरकून जाईल." मी म्हटलं, "थांब, तुझ्या अण्णांना विचारते." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरची वेळ घ्यावी की काय. पण झाडं लावलीत तुम्ही, मग विचारायचं कुणाला?

तुम्हाला हे वेड लागलं ते सटाण्याच्या त्या लग्नात. व्याह्यांच्या पुढ्यात सुक्या मेव्याची ताटली आली आणि तुम्ही चार पिस्ते गुपचूप खिशात टाकलेत. मला वाटलं, संदीपसाठी. कसलं काय! घरी येऊन तुम्ही ते पाटाच्या कडेला पेरलेत. भाजलेले, मीठ लावलेले पिस्ते! रोज सकाळी उकिडवे बसून कोंब आला का बघायचात. मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले.

मग मालेगावचे रशीदभाई. आपला कांदा ट्रकमध्ये भरून पार उत्तरेत न्यायचे, एकदा येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून काश्मीरकडची रोपं घेऊन आले. ओट्यावर चहा पीत म्हणाले, "जिधर अनार, उधर पिस्ता, अण्णा. ईरान में दोनों एक ही बाग में होते हैं." झालं, एवढं तुम्हाला पुरलं. नामपूरला कांद्याच्या लिलावाला उभे राहायचात, पण तोंडी पिस्ता. "डाळिंब लावलं तवा बी हसले व्हते ना? आज सगळा माळ डाळिंबाचा हाय. बघत ऱ्हा, बागलाणचा पिस्ता खोक्यावर छापून जाईल."

आणि तुमचं ऐकून चार-पाच जणांनी खरंच रोपं नेली. नव्वद सालानंतरची ती वर्षंच तशी होती. ज्याला त्याला काहीतरी नवं लावून बघायचं होतं. हिवाळ्यात आपल्या झाडांची पानं गळून नुसत्या काड्या उरायच्या. बांधावरून जाणारा हटकून विचारायचा, "अण्णा, हाई काय शे?" तुम्ही म्हणायचात, "झोपलंय. उठल."

सात-आठ वर्षं झोपली की हो ती! तोवर विहिरीजवळचं एक झाड चांगलं मनगटाएवढं झालं, त्याला मी कपड्यांची दोरी बांधली. तुम्हाला आवडलं नव्हतं. पिस्त्याला काय दोरी बांधतात, म्हणालात. मी म्हटलं, पिस्ता येईल तेव्हा सोडीन.

आणि मग एका होळीला तुरे आले. तुम्ही सगळ्या गावाला बोलावून दाखवलेत. पण काही झाडांचे तुरे पिवळी भुकटी सांडून गळून गेले, त्यांना गाठ म्हणून धरली नाही. तुम्ही ओळखलंत, ही नर झाडं. आणि पपईत करायचात तेच केलंत. "नराला पाणी पाजून काय करायचं? बसून खाणारी जात." एकेक करून सगळे नर खणून काढलेत. रोपं नेलेल्यांनाही तोच सल्ला दिलात, त्यांनीही मुकाट्यानं ऐकलं.

दोरीचं झाडही त्यातलंच. त्याच्यावर रोज चिडायचे मी, धुतलेल्या कपड्यांवर त्याची पिवळी भुकटी पडायची. पण तुम्ही कुदळ घेऊन आलात तेव्हा मीच आडवी आले. "हे काढलंत तर कपडे काय तुमच्या खांद्यावर वाळत घालू?" तुम्ही हात जोडलेत आणि परत फिरलात.

पुढं फळं आली, पण आतून रिकामी. दुसऱ्या वर्षी रिकामी, तिसऱ्या वर्षीही रिकामी. बाकीच्यांनी झाडं तोडून डाळिंब लावलं. तुमच्या शेवटच्या वर्षी दम लागत असतानाही तुम्ही खाटेवर बसून ओंजळभर पिस्ते एकेक करून अडकित्त्यानं फोडलेत. एकातही काही नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तर म्हणालात, "कवच तर जमलं. गर पुढच्या साली."

पुढचं साल तुम्ही पाहिलं नाहीत. नंतर कुणी चेष्टेनं पिस्त्याचा विषय काढला की मला फार लागायचं. तुम्ही होतात तेव्हा हसायला मी सगळ्यांच्या पुढे होते, हे खरं. पण माझं हसणं घरातलं होतं.

यंदा थंडी अशी पडली की निफाडकडे द्राक्षं जळाली. आपली डाळिंबंही करपली. संदीप रोज फोनवर थंडीच्या नावानं बोटं मोडत होता. पण तुमच्या झाडांना ती मानवली. एरवी दोरीचं झाड आधीच फुलून मोकळं व्हायचं आणि बाकीची मागाहून रेंगाळत यायची. यंदा होळीला सगळी एकदम फुलली. मी आपली कपडे झटकत राहिले, काही लक्षात आलं नाही.

गेल्या आठवड्यात दोरीवरचे कपडे काढताना शेजारच्या झाडाचा एक घोस हाताला लागला. एक पिस्ता आपोआप उकललेला होता. आत हिरवा गर. अहो, भरलेला! मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. पहिला दाणा मीच खाल्ला, रागावू नका. खारट नव्हता. ओलसर, थोडा गोड. आणि मग जे रडू आलं, ते तुम्ही गेलात त्या दिवशीही आलं नव्हतं.

नंतर सगळी झाडं पाहिली. दोरीजवळच्या दोन झाडांवर ओंजळभर पिस्ते भरलेले, लांबच्या झाडांवरचे सगळे रिकामे. तेव्हा उलगडा झाला. लाल भोपळ्याच्या वेलावर मी रोज सकाळी नराचं फूल मादीच्या फुलाला टेकवायचे, ते तुम्ही दात घासत बघायचात. मग एकदा तरी मला विचारायचंत! पपईचं ठीक होतं, तिला शेजारच्या रानातला नर चालून जायचा. पिस्त्याला शेजार कुठून आणणार होतात?

तर संदीपला काय सांगू? तुमच्या वतीनं मीच उत्तर देते, नाहीतरी जन्मभर तसंच चाललं. लांबची झाडं त्याला डाळिंबासाठी देते. जिधर अनार, उधर पिस्ता, रशीदभाईंनीच सांगितलंय ना? पण विहिरीजवळची तीन झाडं राहतील. त्याला अजून काही बोलले नाही. उद्या खिरीत तेच पिस्ते घालणार आहे. पहिलं पान तुमचं. मग आपला लेक विचारेलच, "आई, पिस्ता कुठून आणलास?" म्हणेन, "दोरीवरून."

थोडे पेरायला ओल्या फडक्यात बांधून ठेवलेत. रोपं आली तर नर कोण, मादी कोण, ते माझं मी बघेन. उपटणार एकही नाही.

पिस्ता आला की दोरी सोडीन म्हणाले होते, तेवढं मात्र जमायचं नाही. पण होळीच्या सुमाराला तिच्यावर कपडे घालणार नाही. ते दिवस झाड तुमचं. बाकी वर्षभर दोरी माझी.

तुमची,
सुमन