सतरा दिवस आणि एक दाढ

प्रिय ताई,

तुझा आवाज मशीनमधून बाहेर काढायला काय किंमत पडली ते आधी ऐक: सतरा दिवस, एक्केचाळीस फोन आणि माझी उजवीकडची दाढ. दाढ हलत होतीच म्हणा, पण तिसाव्या फोनला दात इतके आवळले की अर्धी हातात आली. ती तुझ्या नावावर.

मी चिडलोय, आणि ते लपवणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सख्ख्या भावाला कळवतात? तेही मुलाकरवी? ‘मामा, उद्या आईचं स्वरयंत्र काढणार आहेत,’ एवढं सांगून भाचेबुवा मोकळे. मग महिन्याने तुझी चिठ्ठी, दोन ओळींची. ‘तुझ्या स्टुडिओत मी वाचलेल्या गोष्टी अजून आहेत का? नातीने माझा धड आवाज ऐकलाच नाही.’ कशी आहेस, काय आहेस, एक अक्षर नाही. तुझा हट्ट काही डॉक्टरांना कापता आला नाही.

आहेत, म्हणून कळवणार होतो. पण स्टुडिओतला तो जुना कॉम्प्युटर तुला ठाऊक आहे. त्याला मी कधी इंटरनेटचं वारं लागू दिलं नाही. आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्रामही त्याच्याच वयाचा, पंधरा वर्षांचा, माझ्या हातात बसलेला. नेमका आतला बटणाएवढा सेल मेला, घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं आणि तारीख मीच फिरवली असं समजून प्रोग्रामने मलाच चोर ठरवलं. स्क्रीनवर हा लांबलचक आकडा. तो कंपनीला कळवायचा, त्यांच्याकडून उत्तराचा आकडा घ्यायचा, तो घातला की कुलूप निघणार. आणि कंपनी मधल्या काळात दोनदा विकली गेलेली! तुझ्या नऊ गोष्टी त्या कुलपाआड. काम अर्धवट राहिलं म्हणून मी त्यांची दुसरी प्रतही कुठे काढली नव्हती.

फोनवर पहिली बाई भेटली ती रेकॉर्ड केलेली. ‘आपला कॉल आमच्यासाठी’ हे एका दिवशी बोललीय आणि ‘महत्त्वाचा आहे’ दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी तिला सर्दी होती. मग एक पोरगा म्हणाला, सर, नवीन घ्या, दरमहा थोडंसं भाडं. नव्यात जुनं उघडेल का? ‘तसं नाही उघडत, सर.’ म्हटलं, अरे, माझं सामान आत अडकलंय आणि तू मला दुसरं घर दाखवतोस? त्याने फोन ठेवला. एक्केचाळिसाव्या फोनला एक मुलगी म्हणाली, ‘काका, आधी मनसोक्त ओरडून घ्या, मग आकडा सांगा.’ तिथेच मी विरघळलो. असे आकडे देणारं, कंपनीच्या अडगळीतलं जुनं मशीन तिने सुरू करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचे पंचवीस आकडे सावकाश वाचून दाखवले. उघडलं.

माझे कान तिखट, हे सगळं गाव सांगतं. पण ते तिखट केलेस तू. मी दोनदा नापास झालो तेव्हा कपड्यांना इस्त्री करता करता तू माझी पुस्तकं मोठ्याने वाचायचीस. मी कानाने पास झालो आणि पुढे कानांवरच पोट भरलं. गायक दारात नुसता ‘येऊ का?’ म्हणाला तरी मी सांगतो, परत जा बाबा, परवा तुझा घसा बसणार. बसतोच. घशातलं दुखणं मला डॉक्टरच्या आधी कळतं, हे गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत आलोय.

आणि तू? अडीच वर्षांपूर्वी नववी गोष्ट संपवून उठलीस. ‘मला कंटाळा आला.’ कंटाळा! मी म्हणालो, जन्मात तुझं एक तरी काम तडीस गेलंय का? तू पर्स उचललीस आणि गेलीस. अडीच वर्षं ना तुझा फोन, ना माझा. घसा दुखतोय, एवढे दोनच शब्द बोलायचे होतेस. निदान माझ्यावर ओरडायचं होतंस. तेव्हा आवाज होता ना?

गोष्टी भाच्याच्या हाती पाठवल्यात, नातीला ऐकव. तेवढ्यासाठी पत्राची गरज नव्हती. पण हा प्रोग्राम कापलेलं टाकून देत नाही, नुसतं झाकून ठेवतो. पाठवण्याआधी मी ते झाकण काढलं आणि सगळ्या गोष्टी जशा तू वाचल्या होत्यास तशा सलग ऐकल्या. मध्येमध्ये काचेपलीकडून माझाही आवाज आहे: ‘ताई, पाणी पी, नीट बस, पुन्हा घे.’ तू दर वेळी पाणी प्यायलीस, नीट बसलीस, पुन्हा घेतलंस. मग कागद घेऊन मोजलं. पहिल्या गोष्टीत तू चार वेळा खाकरलीस. नवव्या गोष्टीत एक्क्याण्णव वेळा. ती सगळी खाकरणी मीच एकेक करून कापली आहेत.

तुझाच,
धाकटा