राइलीच्या शेताची आवराआवर

४ मार्च, मंगळवार
बँक झाली. पेन्शन ऑफिस झालं. वाचनालयाचं कार्ड परत केलं. राइलीच्या मागे आवरायचं आता एकच उरलं: टॅबलेटवरच्या गेममधलं तिचं शेत. चौदा गाई, जवस, एक गिरणी. खातं बंद करायला दहा मिनिटं. उद्या करतो.
मी गेम खेळणारा माणूस नाही. तीस वर्षं लिफ्ट तपासल्या. डिसेंबरात दवाखान्यात असताना ती म्हणाली, गाईंना चारा घालत जा. नंतर थांब म्हणाली नाही. म्हणून सुरू आहे. याला खेळणं म्हणत नाहीत.

६ मार्च
काल जमलं नाही. जवस कापणीला आला होता. पीक उभं टाकून निघून जाणं बरं दिसत नाही.
तिने किती तास खेळलं ते गेममध्ये दिसतं. २,९१४. भागाकार केला. एकशे एकवीस दिवस, रात्री धरून. याच खोलीत. मी समोर पेपर घेऊन बसायचो आणि म्हणायचो, वेळ वाया घालवतेस. ती म्हणायची, हो ना, आणि पुढचा पट्टा नांगरायला घ्यायची. माझ्या पेपरचे तास कुणी मोजले नाहीत.

१५ मार्च, शनिवार
शेताचा एक ग्रुप आहे. देशभरातले बारा जण, राइली धरून. दर शनिवारी संध्याकाळी सहाला श्रमदान. प्रत्येकाने सहा पेट्या माल जहाजात चढवायचा. एकाचा जरी कमी पडला तरी जहाज बंदरातच राहतं. ग्रुपची प्रमुख हिल्का, राहे गावची निवृत्त नर्स. आज तिने लिहिलं, "राइली, पेट्या पोचल्या गं." मी लिहिलं, "हं." राइली बहुतेक हंच लिहीत असणार. मला तरी तेच म्हणायची. कुणाला काही कळलं नाही.
खरं काय ते सांगायचंच आहे. पण भर कामात नको. पुढच्या शनिवारी.

२९ मार्च, शनिवार
इमारतीच्या सॉनातली, म्हणजे सामाईक वाफेच्या न्हाणीतली, आमची शनिवारी सहाची पाळी सोडली. यादीत अकरा वर्षं थांबून मिळाली होती. तात्पुरतीच सोडली आहे.
खाली वरच्या मजल्यावरचा उर्हो भेटला. म्हणाला, "ताइस्तो, वेड लागलं का तुला? अरे, माणूस एक वेळ बायको सोडेल, पण शनिवारची पाळी..." मग त्याने लिफ्टचं बटण दाबलं. आम्ही दोघंही दाराकडे बघत उभे राहिलो. लिफ्ट आधीच खाली आलेली होती.

११ एप्रिल
तुर्कूहून ओउतीचा फोन. "बाबा, काय करतोयस?" म्हटलं, तुझ्या आईची कागदपत्रं आवरतोय. "तीन महिने?" म्हटलं, बरीच आहेत. तेवढ्यात गाय हंबरली. हा आवाज कसला, तिने विचारलं. टीव्ही, म्हटलं. ओउती म्हणाली, "आईची गाय मला झोपेतही ओळखू येते, बाबा." मग रडायला लागली. मी तिकडची हवा कशी आहे ते विचारलं. पाऊस आहे म्हणे.
ईस्टर झाला की नक्की बंद. तोवर वेळापत्रक: सकाळी फक्त अर्धा तास. मग तळ्यापर्यंत चालणं.

२२ एप्रिल
ईस्टर झाला. वेळापत्रक पाळतो आहे. अर्धा तास. आज सात वेळा.
तळ्यावरचा बर्फ गेला असं उर्हो म्हणाला.

२६ एप्रिल, शनिवार
ग्रुप वरच्या श्रेणीत गेला! जानेवारीपासून एकही शनिवार मी चुकवलेला नाही. दफन शनिवारीच होतं, तरी सहाच्या आत घरी आलो. पाद्रीबाईंना कॉफी अर्धी टाकायला लागली. राइलीच्या काळात ग्रुप इतका वर कधी गेला नव्हता. हे वाक्य लिहायला नको होतं.
एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. त्या अकरा जणांच्या हिशेबी ती आत्ता या घरात बसलेली आहे, गिरणी चालवते आहे. ओउतीला माहीत आहे, उर्होला माहीत आहे, बँकेलाही माहीत आहे. ती अजून आहे अशी जागा देशभरात एवढीच. तीही मीच बंद करायची?
अर्थात त्यासाठी मी थांबलेलो नाही. श्रेणी वाढल्यावर लगेच सोडणं ग्रुपवर अन्याय होईल.

१० मे, शनिवार
ग्रुपात कुओपिओचा वेसा म्हणून एक नवा आला आहे. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "ही राइली बाई आहे का यंत्र? नुसती हं हं करते." हिल्काने त्याला झापलं आणि त्याचं लिहिलेलं पुसून टाकलं. एवढं कशाला?
म्हणून पहिल्यांदाच जुने मेसेज वर सरकवत गेलो. राइली हं लिहीत नव्हती. पानंच्या पानं लिहायची. टोमणे, पुल्ला या गोड पावाची कृती, वरच्यांच्या कुत्र्याच्या तक्रारी. मीही आहे त्यात. "माझा म्हातारा पेपर वाचायचं नाटक करतो. गाय आजारी पडली की चष्मा वर करून बघतो. उद्या ती मेली तर मला कळायच्या आधी त्याला कळेल." त्याखाली अकरा जण हसलेले.
म्हणजे माझ्या हंवर कुणी... छे. माणसं बदलतात. तब्येतीमुळे कमी बोलते असं वाटलं असेल त्यांना.

१७ मे, शनिवार
जेवलो नाही. सकाळपासून मजकूर लिहीत होतो. पहिला दीड पान झाला, दुसरा अर्धं. सहा वाजायला चार मिनिटं असताना पाठवला तो एवढाच: "राइली नऊ जानेवारीला गेली. मी तिचा नवरा. माफ करा."
कुणीच काही लिहीना. पेट्या मात्र चढत होत्या. जहाज सुटल्यावर हिल्काने लिहिलं, "माहीत आहे, ताइस्तो. फेब्रुवारीत पेपरात वाचलं. सकाळच्या कॉफीबरोबर मृत्यूचं पान वाचत नाही असा आमच्यात एकही नाही. तुम्ही गाईंना चारा घालत होतात. म्हटलं, माणूस काम करतोय, मध्ये बोलू नये."
ती निधनाची चौकट दफनानंतर मीच दिली होती. तिचं पूर्ण नाव, गाव, खाली माझं नाव. खेळातही ती पूर्ण नावानेच होती. लपवण्यासारखं काय आहे, म्हणायची.
हिल्काने पुढे लिहिलं, "आता बोलतोच आहोत तर एक सांगते, रागावू नका. जवस पिवळा पडल्यावर कापायचा. तुमच्या पेट्या कच्च्या यायच्या. आम्ही पाळी लावून बदलत होतो." त्याखाली वेसाने एवढंच लिहिलं, "काका, चुकलो."
मी लिहिलं, "हं."

१८ मे, रविवार
गाईंना चारा घातला. चाळीस मिनिटं गेली.
काल त्यांना सांगून टाकलं असं रात्रभर वाटत होतं. पण मी कुणाला काय सांगितलं? फेब्रुवारीपासून दर शनिवारी अकरा जण त्या बंदरावर येत होते आणि राइली नाही हे त्यांना माहीत होतं. ज्याला कळलं नव्हतं असा तिथे मी एकटाच होतो.